यॉट चालवता येत नाही, म्हणून घरी बसू नका

लातूर-बीडकडं हमखास ऐकू येतं: "आपण दुष्काळी भागातली माणसं, परदेशात जाऊन यॉट, म्हणजे सहलीची बोट, भाड्यानं घेऊन चालवणार कोण?" हा गैरसमज आहे. परवाना लागतो तो यॉट स्वतः चालवायची असेल तर. क्रोएशिया, ग्रीसमध्ये तो मागतातच. कप्तानासह घेतली की तुम्ही फक्त पाहुणे. तुर्कस्तानात बोडरम, फेथियेहून निघणाऱ्या 'गुलेट' या लाकडी बोटींवर तर स्वयंपाकीही असतो, आणि नुसती एक खोलीसुद्धा मिळते.

खरी काळजी महिन्याची. मेअखेर ते जून उत्तम, मुलांच्या सुट्टीतही बसतं. जुलै-ऑगस्टात ग्रीस-तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रात मेल्टेमी हा उत्तरेचा वारा जोर धरतो. ज्याला घाटात मळमळतं, त्यानं तेव्हा जाऊ नये. चाकांची कडक बॅग नको, घडी होणारी पिशवी घ्या. खोलीत जागा इवलीशी असते. कप्तानाची मजुरी आणि जेवण भाड्यात धरलंय का, हे मात्र आधी लेखी घ्या.