सीबीटीला जायचंय, पण बसने नव्हे

बेळगावात कुणालाही 'सीबीटी' म्हणून बघा, तो तुम्हाला अनगोळ-वडगावच्या बसेस सुटतात तो स्टँड दाखवील. त्यामुळे ओळखीच्या एका काकूंनी फोनवर विचारलं, "डॉक्टर म्हणतात पोराला सीबीटी करायला पाहिजे. म्हणजे कुठं जायचं ओ?" तेव्हा मला हसू आलं आणि लगेच ओशाळायलाही झालं. डॉक्टरांची सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार. आणि पोराची गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

पोरगा बावीस वर्षांचा. रोज दोन तास जिम, दंड असे की बाही तटतटावी. तरी ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट. का, तर आपले हात काडीसारखे आहेत अशी त्याची खात्री. लग्नकार्याला जात नाही, तिथं फोटो निघतात. बेळगाव हे तालमींचं आणि शरीरसौष्ठव स्पर्धांचं गाव, त्यामुळे पोरगा अंग कमावतोय म्हणून घरचे खूशच होते. आरशापुढचा वेळ वाढला तेव्हा आधी दृष्ट काढली, मग डॉक्टर गाठले.

या प्रकाराला 'मसल डिस्मॉर्फिया' असं नाव 1997 साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. तो ज्या मोठ्या आजाराचा पोटप्रकार आहे, त्या बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरचं वर्णन इटलीच्या एन्रिको मोर्सेली यांनी 1891 मध्येच करून ठेवलं होतं. शंभरात साधारण दोघांना तो असतो. नाक, त्वचा, केस, दंड, काहीही असो, इतरांना न दिसणारा किंवा जेमतेम दिसणारा दोष त्या माणसाला डोंगराएवढा दिसतो. आरसा बघून कुणाचं समाधान होतं म्हणा! पण दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ त्याच विचारात जात असेल, कॉलेज-काम बुडत असेल, तर ती नुसती नाराजी राहिलेली नाही.

"अरे, किती चांगला दिसतोस!" हे घरच्यांचं औषध इथं का लागू पडत नाही, याचा एक धागा 2007 मधल्या एका प्रयोगात सापडतो. कॅलिफोर्नियात जेमी फ्यूस्नर यांच्या गटाने रुग्णांना आणि निरोगी माणसांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. काही फोटो मुद्दाम धूसर केलेले, म्हणजे नुसती ठेवण कळावी, बारकावे दिसू नयेत. निरोगी मेंदू अशा वेळी अख्खा चेहरा एकदम टिपतो. रुग्णांच्या मेंदूचा डावा, बारकावे हुडकणारा भाग मात्र धूसर फोटोतही कामाला लागला होता. रुग्ण मोजकेच होते, हे लक्षात ठेवायचं. पण अंदाज असा की, आपल्याला जिथं चेहरा दिसतो तिथं यांना तीळ, छिद्रं, रेषा दिसतात. पोरगा खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं दिसतं. आणि "छान दिसतोस" म्हटलं की पाच मिनिटं बरं वाटतं, सहाव्या मिनिटाला तो पुन्हा विचारतो. धीर देणं हाच आजाराचा खुराक होऊन बसतो.

म्हणून थेरपिस्ट हुडकताना माझी पहिली कसोटी हीच: पहिल्याच भेटीत जो "तुला काही झालेलं नाही" म्हणतो किंवा डाएटचा कागद हातात देतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पाट्यांचंही जरा बघून घ्यावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हे आधी एमबीबीएस डॉक्टर, औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. क्रमांक विचारावा, रागावणारे थोडेच. 'काउन्सेलर' या पाटीमागे मात्र दोन वर्षांचं शिक्षण असू शकतं किंवा दोन दिवसांची कार्यशाळाही. आणखी एक प्रश्न फोनवरच विचारून टाकावा: तुम्ही घरी करायचा अभ्यास देता का? नुसत्या गप्पांनी हा आजार हलत नाही.

आता आपल्या सीमाभागाचा खास पेच. बेळगावात सिव्हिल आहे, मोठी खासगी हॉस्पिटलं आहेत, ऐंशी किलोमीटरच्या आत धारवाडची डिमहान्स ही मनोविकारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे. 'याला धारवाडला पाठवायला पाहिजे' ही आपल्याकडची चेष्टा तिथूनच आली, आणि तिच्यापायी किती जण दारापर्यंत जाऊन परत फिरले असतील कोण जाणे. निपाणीकराला कोल्हापूर जवळ पडतं. म्हणजे डॉक्टर नाहीत असं नाही. पण खोलीत बसल्यावर बोलायचं कुठल्या भाषेत? आपलं कन्नड बाजारापुरतं चालतं, हिंदी सिनेमापुरतं, इंग्रजी अर्जापुरतं.

ही तक्रार भाषाभिमानाची नाही, तिला मोजमाप आहे. 2003 मध्ये तुर्की आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवर एक प्रयोग झाला. शिव्या, आणि लहानपणी आईबाप रागावताना वापरतात तसली वाक्यं दोन्ही भाषांत ऐकवली आणि बोटांवरच्या घामाने त्वचेची विद्युतवाहकता किती बदलते ते मोजलं. मायबोलीतल्या वाक्यांना त्वचा जास्त दचकली. अर्थ तोच, दुखणं वेगळं.

बाजारात भेटलेली मावशी "काय गे, केवढी सुटलीस!" म्हणते, शाळेत कन्नड मैत्रीण 'दप्प' म्हणते, भाऊ 'ढब्बी' म्हणून हाक मारतो. तिन्हीचा अर्थ जाडी. पण थेरपिस्टने "कुठला शब्द लागतो?" म्हणून विचारलं तर एखादीला 'ढब्बी'लाच रडू फुटेल, कारण तो जेवणाच्या ताटावर ऐकलेला असतो. 'आय हॅव बॉडी इमेज इश्यूज' हे वाक्य डोळ्यांत पाणी न येता म्हणता येतं, अडचण तीच आहे. उलट काही जणांना सुरुवातीला परकी भाषाच सोयीची पडते, तीही मुभा हवी. आणि घरी मराठी असून ज्याची शाळा-दोस्ती सगळी कन्नडात झाली, त्याला कन्नड डॉक्टरच बरा. जिथं लागलं ती भाषा धरावी.

गावात असा माणूस नसेल तर व्हिडिओवर पुण्या-कोल्हापूरचा चालतो. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशात कुठल्याही राज्यातल्या रुग्णाला तपासू शकतो. सीमावाद इथं तरी मिटलाय! खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज मिळेल की नाही, एवढाच प्रश्न. शिवाय 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, फुकट. मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नये, तिथं लगेच लावावा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठावं. या आजारात तसे विचार बऱ्याच जणांना येतात. उपास, मुद्दाम उलट्या असला प्रकार असेल तर थेरपिस्टबरोबर फिजिशियनही हवा. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो.

आता पुन्हा डॉक्टरांच्या सीबीटीकडे. हिच्याबरोबर गरज पडली तर एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्यावरही वापरतात ती औषधं देतात, आणि त्यांचा गुण आठवड्यात नाही, कधी कधी बारा आठवड्यांनी दिसतो. कॉस्मेटिक सर्जरीने मात्र बहुतेकांचं समाधान होत नाही, एक दोष गेला की नजर दुसऱ्यावर बसते.

काकूंच्या पोराला थेरपिस्टने काय करायला लावलं? अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून सीबीटीवर उभं राहायचं, हो, बसच्याच सीबीटीवर. जाण्याआधी वहीत लिहायचं: जवळून जाणाऱ्या दहातले किती जण माझ्या हातांकडे बघतील? त्याने लिहिलं आठ. तिथं गेल्यावर मोबाईल काढायचा नाही, हात बांधायचे नाहीत, स्वतःकडे न बघता लोकांच्या डोळ्यांकडे बघायचं आणि मोजायचं. पहिली पाच मिनिटं, तो सांगतो, घशाला कोरड पडली होती. मग मोजता मोजता दिसायला लागलं की लोक पिशव्या सांभाळतायत, बसच्या पाट्या वाचतायत, कुणी कंडक्टरशी भांडतंय. दहातल्या एकानेच थेट त्याच्याकडे बघितलं, एका म्हाताऱ्या आजोबांनी. "वडगावची गेली काय रे?"

वहीत त्याने 'एक' लिहिलं, आणि पुढे कंसात 'चष्मा नव्हता' असंही. थेरपिस्टने कंस खोडायला सांगितला नाही. पुढच्या आठवड्याला आत्तेभावाची हळद आहे. तिथं जायचं, अर्ध्या बाह्यांत, आणि फोटोला मागच्या रांगेत उभं राहायचं नाही.