ठकांचा बंको बायकांच्या हाती कसा आला

बारा बायका, तीन टेबलं, नऊ फासे आणि एक घंटा. अमेरिकेतल्या उपनगरांत महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमणाऱ्या बंकोच्या रात्रीला एवढंच साहित्य लागतं. डॅलसला किंवा न्यू जर्सीला नव्याने राहायला गेलेल्या मराठी बाईला शेजारीण कधी तरी विचारते, "आमच्यातली एक येत नाहीये, बदली म्हणून येशील का?" खेळता येत नाही, असं म्हणून सुटका होत नाही, कारण बंको शिकायला पाच मिनिटं पुरतात.

प्रत्येक टेबलावर चौघी बसतात, समोरासमोरच्या दोघी भिडू. पहिल्या फेरीत एक हवा, दुसरीत दोन, अशा सहा फेऱ्या. तीन फासे एकदम टाकायचे. हवा तो आकडा जितक्या फाशांवर पडेल तितके गुण. तिन्हींवर तोच आला तर 'बंको!' असं ओरडायचं आणि २१ गुण घ्यायचे. तिन्हींवर भलताच एखादा आकडा जुळून आला तर ५ गुण. गुण मिळताहेत तोवर फासे आपल्या हातात. दान फुकट गेलं की ते डावीकडच्या बाईकडे. पहिल्या टेबलावर एका जोडीचे २१ झाले की तिथली घंटा वाजते आणि तिन्ही टेबलांवरचा खेळ थांबतो. मग उठाउठी. जिंकलेली जोडी वरच्या टेबलावर सरकते, पहिल्या टेबलावर हरलेली थेट शेवटच्या टेबलावर जाते आणि नव्या जागी भिडू बदलतो. घरोघरी नियमांत थोडाफार फरक असतो, पण सांगाडा हाच.

यात डोकं चालवायला जागाच नाही. सोंगटी कुठली पुढे काढावी, पान कुठलं टाकावं, असला एकही निर्णय खेळणारीला घ्यायचा नसतो. हिशेब केला तर एका दानात काही तरी गुण मिळण्याची शक्यता नऊत चार येते. म्हणजे एकीच्या हातात फासे सरासरी दोन दानंसुद्धा टिकत नाहीत. बंको पडण्याची शक्यता २१६ त एक. बुद्धिबळवाल्याला हा खेळ बालिश वाटेल, आणि त्याचं चुकत नाही. पण फासे टाकता टाकता बोलणं चालू ठेवायचं असेल तर याहून सोयीचा खेळ नाही. ब्रिजच्या टेबलावर मधेच सुनेचा विषय काढून बघा.

या निरुपद्रवी खेळाचा इतिहास मात्र ठकबाजांचा म्हणून सांगितला जातो. प्रचलित हकिगत अशी: इंग्लंडमध्ये आठ फासे आणि आकड्यांचं कापड घेऊन खेळला जाणारा एक जुगार होता. १८५५ च्या सुमारास कुणा जुगाऱ्याने तो सॅन फ्रान्सिस्कोला आणला आणि त्यात बदल करून 'बँको' या नावाने चालवला. कॅलिफोर्नियात सोनं सापडून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. खिशात पैसा, घरदार दूर आणि संध्याकाळी करायला काही नाही, अशा पुरुषांनी ते बंदर भरलेलं होतं. ठकांना याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

कापडावर आकड्यांच्या चौकटी असत. आठ फासे टाकायचे, बेरीज करायची आणि त्या आकड्याच्या चौकटीत जे लिहिलं असेल ते बक्षीस घ्यायचं. दिसायला सरळ आणि उदार. खोच बेरजेतच आहे. आठ फाशांची बेरीज ८ पासून ४८ पर्यंत काहीही येऊ शकते, पण सगळ्या बेरजा सारख्या वेळा येत नाहीत. २८ ही मधली बेरीज बारा-तेरा दानांत एकदा पडते. आठ यायला आठही फाशांवर एक पडावा लागतो आणि त्याची शक्यता १६,७९,६१६ त एक. म्हणजे डोळे दिपवणारं बक्षीस टोकाच्या चौकटीत लिहायला मांडणाऱ्याच्या बापाचं काही जात नाही. शिवाय एखादी चौकट अशी ठेवायची की तिथे पोचलेल्याने बक्षीस मिळवण्यासाठी आधी स्वतःचे पैसे लावून पुन्हा दान टाकावं. गिऱ्हाईक तिथवर पोचेपर्यंत त्याला आपणच जिंकतोय असं वाटत असतं. फासे मोजणारा माणूस ठकांचाच, त्यामुळे बेरीजही हवी तशी सांगता येई.

या जाळ्यात भोळे खेडूतच सापडत, असं नाही. सर्वांत नामांकित शिकार म्हणजे हजरजबाबी म्हणून गाजलेला आयरिश लेखक ऑस्कर वाइल्ड. १८८२ हे वर्षभर तो अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत हिंडला. डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एक तरुण त्याला भेटला आणि मोठ्या बँकर घराण्यातला मुलगा म्हणून त्याने ओळख करून दिली. बोलता बोलता तो वाइल्डला एका घरी घेऊन गेला. तिथे फाशांचा खेळ चालू होता. वाइल्ड आधी जिंकला, मग हरू लागला, आणि हजार डॉलरहून जास्त रकमेचे चेक लिहून देऊन बाहेर पडला. बाहेर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला तेव्हा त्याने तडक बँक गाठून चेक थांबवले आणि पोलिसांकडे गेला. तिथल्या गुन्हेगारांच्या फोटोंमधून त्याने ओळखलेला माणूस 'हंग्री जो' या नावाने पोलिसांना चांगला परिचित होता. बँकोच्या अड्ड्यावर गिऱ्हाईक आणून घालणं हाच त्याचा धंदा. शब्दांत कुणाला हार न जाणाऱ्या माणसाला फाशांनी गप्प केलं, याचा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना केवढा आनंद झाला असेल!

'बँको'चं 'बंको' झालं आणि कुठल्याही फसवणुकीला तोच शब्द लागू लागला. अमेरिकी शहरांतल्या पोलिसांनी फसवणुकीच्या गुन्ह्यांसाठी जी पथकं उभी केली त्यांना 'बंको स्क्वॉड' म्हणत. बनावट ज्योतिषी, खोट्या जमिनी विकणारे, चेकवाले ठक, सगळे त्यांच्या यादीत. दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० ते १९३३ मध्ये, ही पथकं बंको खेळणाऱ्यांवर धाडी घालत आणि तिथूनच त्यांचं नाव पडलं, असं खेळाच्या इतिहासात हमखास वाचायला मिळतं. ते मला पटत नाही. फसवणूक या अर्थाने हा शब्द दारूबंदीच्या कितीतरी आधी रुळला होता. नाव फसवणुकीवरून आलं, फाशांच्या अड्ड्यावरून नव्हे.

आता आठ फासे, आकड्यांचं कापड आणि ठक एका बाजूला, आणि तीन फासे, घंटा आणि गाजराच्या केकची बशी दुसऱ्या बाजूला. या दोन्हींत नावाखेरीज सारखं काय आहे? फारसं काहीच नाही. बंकोचा इतिहास सांगणारे सॅन फ्रान्सिस्कोवरून थेट उपनगरातल्या दिवाणखान्यात उडी मारतात, आणि मधली पायरी राहून जाते. ती पायरी पत्त्यांची आहे.

१८८० च्या दशकात अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत 'प्रोग्रेसिव्ह यूकर' या प्रकाराने अक्षरशः धुमाकूळ घातला होता. यूकर हा चौघांनी दोन जोड्या करून खेळायचा पत्त्यांचा खेळ. तो एकाच वेळी अनेक टेबलांवर मांडायचा. पहिल्या टेबलावर डाव संपला की तिथली घंटा वाजायची, सगळीकडचा खेळ थांबायचा, जिंकलेले वरच्या टेबलावर सरकायचे आणि भिडू बदलायचे. प्रत्येकाच्या कार्डावर जिंकलेल्या डावाची खूण चिकटवली किंवा टोचली जायची. शेवटी सर्वांत जास्त जिंकणाऱ्याला बक्षीस आणि सर्वांत जास्त हरणाऱ्यालाही एक, थट्टेचं. आजच्या बंकोच्या रात्रीत 'सर्वाधिक हार' हे बक्षीस अजून असतं, बहुतेक वेळा घातलेले पैसे परत किंवा एखादी हास्यास्पद वस्तू. घंटा, सरकणं, भिडू बदलणं, हरण्याचं बक्षीस, हे सगळं यूकरच्या पार्टीतून जसंच्या तसं आलेलं आहे. बक्षिसं ठेवली म्हणजे तो जुगारच, अशी टीका तेव्हा धर्मोपदेशकांनी केली होती. यजमानिणींनी ती ऐकून घेतली आणि पुढच्या आठवड्याची आमंत्रणं पाठवली.

मला विचाराल तर बंकोचं माहेर यूकरच्या टेबलावर आहे. सोन्याच्या बंदरातून आलं ते फक्त नाव. यूकरला निदान पत्ते कळावे लागतात. कच्चा भिडू वाट्याला आला की रात्रभर कपाळाला आठ्या. पत्ते काढून फासे ठेवले तर ती अडचण संपते. टेबलांचा सगळा थाट तसाच राहतो, खेळात हुशार-ढ असा भेद उरत नाही. १९२०-३० च्या सुमारास चर्चच्या महिला मंडळांनी आणि सामाजिक संस्थांनी निधी जमवायला 'बंको पार्ट्या' ठेवलेल्या दिसतात, त्या याच कारणाने. ओळख असो नसो, तिकीट काढून कुणीही यावं आणि बसावं. तेव्हापासून हा खेळ बायकांच्या कारभारात आला.

फाशांशी बायकांचं नातं आपल्याकडेही अवघडलेलं आहे. फासे म्हटलं की आपल्याला आधी द्रौपदी आठवते, पणाला लावली गेलेली. पण वेरूळला रामेश्वर लेण्यात, म्हणजे २१ व्या लेण्यात, शंकराच्या समोर पार्वती स्वतः सारीपाट खेळायला बसलेली आहे आणि खाली गण नंदीची खोडी काढताहेत. दिवाळीतल्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, त्यामागेही याच दोघांच्या डावाची कथा आहे, आणि त्यात पार्वती जिंकते. बंकोचा या परंपरेशी काही संबंध नाही. आठवलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर बंको पुष्कळसा मागे पडला. १९८० च्या दशकात तो उपनगरांत पुन्हा वर आला. नोकरीसाठी राज्यं ओलांडून आलेली कुटुंबं, एकसारखी घरं, गाडी काढल्याशिवाय दुकानही नाही, आणि शेजारणीचं नाव कळायला सहा महिने. अशा ठिकाणी ओळखी करायला काही तरी निमित्त लागतं. बंकोत एका रात्रीत बारातल्या जवळपास प्रत्येकीबरोबर एखादी फेरी तरी बसणं होतं, आणि तेही कुणी मुद्दाम 'आता ओळख करून घेऊ या' न म्हणता. दोघींचं पटत नसेल तरी घंटा वाजेपर्यंतच निभवायचं असतं.

बाराचा आकडाही सोयीचा. बारा जणी, बारा महिने, प्रत्येकीकडे वर्षातून एकदा यजमानपद. भिशी चालवणाऱ्या बायकांना हे गणित समजावून सांगायला नको. फरक पैशांत. भिशीत प्रत्येकीचे पैसे तिच्या पाळीला तिला मिळतात. बंकोत दर वेळी पाचेक डॉलर टाकायचे आणि ते रात्रीच बक्षिसांत वाटून टाकायचे: सर्वांत जास्त बंको, सर्वांत जास्त जिंकलेल्या फेऱ्या, सर्वांत जास्त हार, शेवटचा बंको. या शेवटच्या बक्षिसासाठी काही घरांत मऊ केसाळ कापडाचे दोन मोठे फासे ठेवलेले असतात. बंको पडला की ते तुझ्या मांडीवर, दुसरीला पडला की तिच्याकडे. खेळ संपताना ज्या बाईकडे असतील तिचं बक्षीस. यामुळे टेबलाटेबलांवरून फासे भिरकावले जातात आणि एखादा वाटीतल्या चटणीत पडतो.

खरी डोकेदुखी उपस्थितीची. बारावी आली नाही तर तिसरं टेबल लंगडं होतं. म्हणून बदली बायकांची यादी ठेवतात. तीही निकामी ठरली तर 'भूत' बसवतात. रिकाम्या खुर्चीच्या नावाने समोरची भिडू दान टाकते, गुण मांडते, आणि फेरी संपली की ते भूत नियमाप्रमाणे पुढच्या टेबलावर सरकतं. कधी भूतच सर्वाधिक फेऱ्या जिंकून जातं. त्याचं बक्षीस कुणाला द्यायचं हे आधी ठरवलेलं नसेल तर हसण्याखाली थोडी कुरकुरही होते.

१९९६ मध्ये वर्ल्ड बंको असोसिएशन स्थापन झाली आणि घरगुती नियमांना छापील रूप आलं. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, लास वेगासला बंकोची 'जागतिक' स्पर्धा भरली आणि टीव्हीवरही दाखवली गेली. प्रायोजक होती प्रिलोसेक ही छातीतल्या जळजळीवरची गोळी. कंपनीने बाजार नीट ओळखला होता. चाळिशीच्या आसपासच्या बायका, उशिरापर्यंत जागरण, चीज, तळलेलं, चॉकलेट आणि वाइन. पूर्वी ठकांनी बंकोच्या नावाने खिसे कापले, आता जाहिरातदारांनी त्याच्या नावाने गोळ्या विकल्या. स्पर्धा काही रुजली नाही. तिथे खेळायला जाऊन तरी करायचं काय? सराव करून सुधारता येईल असं या खेळात काही नाही, आणि अनोळखी गर्दीत गप्पाही होत नाहीत.

पैशांचा प्रश्न उरतो, कारण शुद्ध नशिबाचा खेळ आणि त्यावर पैसे हे कायद्याच्या भाषेत जुगारच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. अनेक राज्यं घरातल्या मैत्रीच्या खेळाकडे कानाडोळा करतात, पण यजमानीण त्यातून स्वतःसाठी काही कापून घेत नसेल तरच. बँकोच्या अड्ड्यावर 'घर', म्हणजे अड्डा चालवणारा, नेहमी जिंकायचं. इथे घरवालीला मिळतात ती फक्त धुवायची भांडी. हा खेळ पुण्या-ठाण्यातल्या एखाद्या ग्रुपला आपल्याकडे मांडायचा असेल तर महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्यातून निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि बंकोत कौशल्य औषधालाही नाही. तेव्हा वर्गणी जेवणाखाणापुरती ठेवावी आणि बक्षीस म्हणून यजमानिणीने आपल्या खर्चाने एखादी बरणी, एखादं रोप किंवा केसाळ फाशांची जोडी द्यावी.