लाईट गेली नव्हती

पावसाळ्यात खानापूरला मामांकडे ‘कोर्ट’ बघत होतो. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा सिनेमा: गटार साफ करणाऱ्या कामगाराचा मृत्यू आणि त्यावरून एका शाहिरावर चाललेला खटला. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. खोलीतले दिवे मालवतात, पडदा काळा होतो आणि बराच वेळ तसाच राहतो.

मामा उठून मीटरकडे निघाले. “लाईट गेली की रे!” बाहेरचा पाऊस पाहता शंका रास्तच होती.

अशा लांबलेल्या दृश्यात मेंदू काय करतो? मेंदूवैज्ञानिक युरी हॅसन आणि सहकाऱ्यांचा २००८मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी प्रेक्षकांना एफएमआरआय यंत्रात झोपवून चित्रफिती दाखवल्या. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायू घेऊन येणाऱ्या रक्ताचा ओघ वाढतो. यंत्र तेच टिपतं. हिचकॉकच्या एका टीव्ही-कथेच्या वेळी मेंदूच्या बाह्यपटलाचा ६५ टक्क्यांहून जास्त भाग सगळ्यांमध्ये सारख्याच तालावर चालला. मग न्यूयॉर्कमधल्या एका बागेचं, कुठेही न कापलेलं, सलग चित्रण दाखवलं. ताल जुळला तो जेमतेम ५ टक्के भागात.

मेंदू झोपले होते असा याचा अर्थ नाही. प्रत्येकाचा आपापल्या वाटेनं गेला, एवढंच. दिग्दर्शक कापतो, जवळ नेतो, दचकवतो, तेव्हा सगळे प्रेक्षक एका दावणीला बांधल्यासारखे चालतात. तो थांबला की दावं सुटतं.

आणि हल्ली दावं सुटू देत नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग यांच्या मोजणीनुसार हॉलिवूडमध्ये एका शॉटची सरासरी लांबी १९३०च्या सुमारास १२ सेकंद होती, ती २०१०पर्यंत अडीचवर आली. उलट हंगेरियन दिग्दर्शक बेला तार यांचा २०११चा ‘द ट्युरिन हॉर्स’ हा अख्खा सिनेमा ३० शॉटमध्ये संपतो. (मला तो दोन बैठकांत बघावा लागला, हे कबूल.)

बाहेरचं काम सुटलं की मेंदूतलं एक वेगळं जाळं जास्त जागं होतं, हे मार्कस रेकल यांच्या गटानं २००१मध्ये मांडलं. जुन्या आठवणी आणि स्वतःविषयीचे विचार याच जाळ्याशी जोडलेले आहेत. मृत्यूवरचे सिनेमे इतके संथ का, याचं उत्तर मला इथं दिसतं. हा माझा तर्क, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. पडद्यावरच्या मेलेल्या माणसाला आपण ओळखत नसतो. शॉट लांबला की त्या जागी आपलं माणूस येऊन बसतं.

मामा परत येऊन बसले. सिनेमा संपल्यावर म्हणाले, त्या अंधारात त्यांना आजीचे दिवस आठवले. पिठावर ठेवलेला दिवा विझू नये म्हणून ते रात्रभर तिथंच बसून होते.

माझ्या डोक्यात तेव्हा बेळगावची शेवटची बस होती.