‘निकाली’ कुस्ती आणि ‘नो होल्ड्स बार्ड’ लढत यांत नेमका फरक काय?

कुंडलच्या मैदानात शेवटच्या जोडीचे पहिलवान हलगीच्या ठेक्यावर हौद्यात उतरत होते आणि निवेदक पुन्हा पुन्हा सांगत होता की, ही कुस्ती निकाली होणार आहे. माझ्या शेजारी बसलेल्या आठवी-नववीतल्या मुलाने आपल्या चुलत्याला विचारले, “तात्या, निकाली म्हंजे नो होल्ड्स बार्डच की?” तात्यांनी क्षणभर विचार केला आणि “व्हय, तसंच ते,” असे उत्तर दिले. दोघांनाही दोष देता येणार नाही. सांगली-साताऱ्याकडच्या घरांत या दोन्ही गोष्टी गेली ३०-३५ वर्षे एकत्र नांदत आल्या आहेत. केबल आली तेव्हा आमच्या पिढीने पहाटे तालमीत जोर-बैठका काढल्या आणि मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या टीव्हीवरच्या अमेरिकी रेसलिंगचे पत्ते खेळताना त्यातल्या अंडरटेकर या मल्लाची उंची, वजन आणि छातीचे माप तोंडपाठ केले. मला दोन्ही प्रकार मनापासून आवडतात आणि म्हणूनच त्यांची गल्लत झालेली दिसली की ती सोडवून सांगावीशी वाटते, कारण एकाच्या फूटपट्टीने दुसरा मोजला की दोन्हींवर अन्याय होतो.

‘निकाली’ हा शब्द कुस्ती कशी लढायची हे सांगत नाही, ती कुठे थांबायची एवढेच सांगतो. हात मिळाले, खडाखडी (उभ्या-उभ्या एकमेकांचा अंदाज घेणे) सुरू झाली की दोघांपैकी एकाची पाठ मातीला लागेपर्यंत, म्हणजे तो चितपट होईपर्यंत, लढत चालू राहणार, हा त्याचा अर्थ. अशा कुस्तीत गुणांवर विजय देत नाहीत आणि दोघांचे हात वर करून ती बरोबरीत सोडवणेही अपेक्षित नसते. अलीकडे अनेक मैदानांत ठरावीक मिनिटे निकाली खेळवून त्यानंतर गुणांवर निर्णय देतात, तरी प्रेक्षकांचे समाधान होते ते पाठ लागल्यावरच. मात्र या शब्दाने डावांवरचे एकही बंधन सैल होत नाही. ठोसा मारता येत नाही, चावता येत नाही, गळा आवळता येत नाही, डोळ्यात बोट घालता येत नाही. कडेला सरकलेली जोड पंच मध्यभागी आणून पुन्हा लावतात. ढाक, घिस्सा, एकेरी पट, कलाजंग, टांग ही पहिलवानाची शस्त्रे त्याच्या अंगातच असतात आणि हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेल्या त्या लाल मातीत तो लंगोटावर, रिकाम्या हाताने उतरतो.

निकाली म्हणून लावलेल्या कुस्तीचा निकाल लागेलच, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही, हेही येथेच सांगायला हवे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ लढले. झिबिस्कोने बहुतेक वेळ पोटावर पडून जमीन धरून ठेवली आणि पाठ काही लागली नाही. ठरलेल्या पुढच्या लढतीला तो आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केले. अडीच तासांचा कंटाळा आणि मिनिटभरातला निकाल या दोन्ही गोष्टी त्याच दोन माणसांत घडू शकतात, कारण खऱ्या कुस्तीत समोरचा माणूस तुमच्या मनासारखे काहीही करायला बांधील नसतो.

आता ‘नो होल्ड्स बार्ड’कडे वळू. होल्ड म्हणजे पकड; कोणतीही पकड वर्ज्य नाही, असा या नावाचा शब्दशः अर्थ. पाश्चात्त्य कुस्तीत पूर्वी लढतीआधी करार करताना कोणत्या पकडी चालणार नाहीत हे ठरवून घेत असत आणि गळा आवळण्याची पकड बहुधा त्या यादीत असे. व्यावसायिक रेसलिंगमध्ये आज हे नाव वेगळ्याच अर्थाने वापरले जाते. तेथील नेहमीच्या लढतीत रिंगबाहेर गेलेल्याला रेफ्री दहापर्यंत मोजून बाद करतो, खुर्ची किंवा हातोडा वापरला तर अपात्र ठरवतो आणि नियमबाह्य पकड पाचपर्यंत मोजण्याच्या आत सोडायला लावतो. ‘नो होल्ड्स बार्ड’ म्हटले की हे तिन्ही नियम गळून पडतात. विजय मात्र पूर्वीसारखाच, खांदे तीन मोजेपर्यंत जमिनीवर दाबून किंवा प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावून मिळतो. रिंगबाहेर कुठेही खांदे टेकवून जिंकता येणारी ‘फॉल्स काउंट एनीव्हेअर’ आणि दहा मोजेपर्यंत उठता न आलेला हरतो अशी ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ ही तिची चुलत भावंडे होत.

तात्यांच्या उत्तरातली गफलत नेमकी येथे आहे. निकाली कुस्तीत साधने बांधलेली असतात आणि शेवट मोकळा असतो. ‘नो होल्ड्स बार्ड’मध्ये साधने मोकळी दिसतात आणि शेवट आधी बांधलेला असतो. कोण जिंकणार हे तेथे आधीच ठरते, आणि हे काही गुपित राहिलेले नाही. १९८९ साली त्या वेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या धुरिणांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे, आपला कार्यक्रम हा ठरवून केलेले मनोरंजन आहे, असे स्वतःच मान्य केले, कारण खऱ्या क्रीडास्पर्धांना लागू होणारे राज्याचे नियंत्रण त्यांना नको होते.

म्हणून तो सगळा प्रकार खोटा आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सोळा फूट उंचीवरून पडणारे शरीर खरेच पडते. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे ‘हेल इन अ सेल’ या पिंजऱ्यातल्या लढतीत मिक फोलीला अंडरटेकरने पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली निवेदकांच्या टेबलावर फेकले, त्या पडण्याचा निकाल कोणी कागदावर लिहून सौम्य करू शकत नव्हते. फरक आहे तो दोन शरीरांच्या नात्यात. मातीत ढाक मारताना समोरचा सर्व ताकदीने विरोध करतो आणि तो विरोध मोडून काढणे हीच कला असते. रिंगमध्ये उचलला जाणारा माणूस स्वतः उडी घेऊन उचलणाऱ्याला मदत करतो, हनुवटी छातीला लावून मान वाचवतो, आणि पडल्यावर वेदना इतक्या विश्वासाने दाखवतो की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती कळावी. तालमीत वाढलेल्या डोळ्याला हे ‘अंग टाकणे’ वाटते. वस्तुतः ती एक अवघड जबाबदारी आहे: दोघांनी मिळून एकमेकांना सांभाळायचे आणि पाहणाऱ्याला मात्र कोणी कोणाला सांभाळत नाही असे वाटले पाहिजे.

खांद्यांचेच उदाहरण घ्या, कारण गल्लतीचे ते सर्वांत मोठे कारण आहे. दोन्हीकडे शेवट पाठीवर होतो. पण मातीत पाठ लागली की संपले. त्या क्षणानंतर सावरण्याला काहीही किंमत नाही. रिंगमध्ये रेफ्रीचा हात तीन वेळा जमिनीवर पडावा लागतो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या थापेच्या मधल्या त्या निमिषात खांदा उचलणे हाच त्या नाट्याचा प्राण असतो. मातीतला क्षण परत घेता येत नाही. रिंगमधला क्षण परत घेता येतो, आणि चांगला लेखक व चांगला मल्ल तो किती वेळा परत घ्यायचा हे अचूक जाणतात.

मला सर्वांत आवडणारी अशी लढत २३ मार्च १९९७ रोजी रेसलमेनिया १३ मध्ये, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांच्यात झाली. तिचे अधिकृत नाव ‘सबमिशन मॅच’ होते, परंतु अपात्रता आणि बाद मोजणी दोन्ही नसल्यामुळे ती वृत्तीने याच कुळातली आहे. केन शॅमरॉक रेफ्री होता. दोघे प्रेक्षकांत शिरून लढले आणि शेवटी ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहत असताना हार्टने त्याला ‘शार्पशूटर’ पकडीत अडकवले. ऑस्टिनने हार मानली नाही. तो शुद्ध हरपेपर्यंत ओरडत राहिला आणि शॅमरॉकने लढत थांबवली. त्यानंतरही हार्ट त्याला मारत राहिला. सुरुवातीला हार्ट नायक होता आणि ऑस्टिन खलनायक. संपताना लोक हरलेल्या ऑस्टिनचे नाव घेत होते. नियम काढून टाकण्याला येथे एक कारण होते: एका माणसाचा हेकटपणा किती टोकाला जातो, हे दाखवण्यासाठी रेफ्रीची मोजणी मध्ये येऊन चालणार नव्हते. १ एप्रिल २००१ रोजी ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ऑस्टिन आणि द रॉक यांची अपात्रतेविना झालेली लढतही याच तोलाची आहे. २०१३ मधली ट्रिपल एच आणि ब्रॉक लेस्नर यांची लढत मात्र नावाला ‘नो होल्ड्स बार्ड’ असूनही मला तितकी भिडत नाही. तिच्यात अवजारे पुष्कळ आहेत, पण ती का लागली याचे उत्तर पुरेसे मिळत नाही.

आणखी एक शब्द येथे मध्ये येतो, आणि तो आपल्याकडचा आहे: नुरा कुस्ती. रिंगमधील लढतीला सरसकट ‘नुरा’ म्हणणे मला पटत नाही. नुरा कुस्ती म्हणजे निकाली म्हणून लावलेली, लोकांनी खरी समजून पाहिलेली, पण दोन पहिलवानांनी किंवा त्यांच्या वस्तादांनी आतून ठरवून घेतलेली कुस्ती. तिच्यात प्रेक्षकाचा विश्वास मोडला जातो, इनामाची फसवणूक होते आणि तालमीचे नाव जाते. रेसलिंगच्या प्रेक्षकाला करार ठाऊक असतो आणि तो त्या करारासह तिकीट काढतो. दोन्हींमध्ये निकाल आधी ठरतो एवढेच साम्य आहे. एक फसवणूक आहे, दुसरे नाट्य आहे.

‘फ्रीस्टाइल’ या शब्दानेही बराच घोळ घातला आहे. मुंबईत दारा सिंगांच्या लढतींना ‘फ्रीस्टाइल’ म्हटले जाई, आणि तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत गटारावरून झालेल्या भांडणालाही ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ म्हणण्याची सवय लागली. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल म्हणजे कमरेखालीही पकड करण्याची मुभा असलेली, काटेकोर नियमांची कुस्ती. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात, आणि कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले तेही याच प्रकारात. त्यांच्या नावापुढे ‘फ्रीस्टाइल’ लिहिले असेल, तर त्यात हाणामारीचा लवलेशही नाही.

सर्वांत लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ‘काहीही वर्ज्य नाही’ म्हणणाऱ्या त्या प्रकारातही आज वर्ज्य गोष्टी आहेत, फक्त त्या प्रेक्षकाला सांगितल्या जात नाहीत. मेंदूला होणाऱ्या इजांची जाणीव वाढल्यावर डब्ल्यूडब्ल्यूईने २०१० साली डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी घातली. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल २०११ रोजी, अटलांटा येथे रेसलमेनिया २७ मध्ये अंडरटेकर आणि ट्रिपल एच यांची ‘नो होल्ड्स बार्ड’ लढत झाली, तिच्यात डोक्यावर खुर्ची बसली आणि त्यासाठी दोघांनाही दंड झाला. पडद्यावर नियम नव्हता, पडद्यामागे होता.

तीच लढत मी त्या मुलाला दाखवली असती. रेसलमेनियात तोवर एकदाही न हरलेल्या अंडरटेकरवर ट्रिपल एच सुमारे अर्धा तास तुटून पडतो, खुर्ची चालवतो, त्याचाच ‘टूमस्टोन’ हा डाव त्याच्यावर वापरतो, आणि अंडरटेकर प्रत्येक वेळी तिसऱ्या थापेआधी खांदा उचलतो. अखेर ट्रिपल एच हातोडा घेऊन येतो तेव्हा अंडरटेकर त्याला खालूनच ‘हेल्स गेट’ या पकडीत अडकवतो आणि हार मानायला लावतो. रेसलमेनियातला त्याचा हिशेब १९-० होतो. मग हरलेला ट्रिपल एच स्वतःच्या पायांनी चालत निघून जातो, आणि जिंकलेल्या अंडरटेकरला उठताही येत नाही, त्याला गाडीवर घालून न्यावे लागते. त्या दृश्यावरून कोण जिंकले हे अनोळखी माणसाला सांगता येणार नाही, आणि लिहिणाऱ्याला नेमके तेच हवे होते.

कुंडलला त्या दिवशी जोड बराच वेळ खडाखडीतच राहिली, लोक अस्वस्थ झाले, पंचांनी दोनदा ताकीद दिली, आणि मग एका पहिलवानाने पट काढून समोरच्याला खाली घेतला व घिस्सा मारला. दोघे उठले, एकमेकांना मिठी मारली. हौद्यापासून आम्ही इतके लांब बसलो होतो की डाव नीट दिसला नव्हता. तात्यांनी पुतण्याचा खांदा धरून त्याला उभे केले आणि म्हणाले, “पाठ बघ कुणाची लाल झालीय.”