थ्री-नॉट-थ्रीवरचे शिक्के वाचताना

जुनी लष्करी रायफल समोर आली की नजर आधी कारखान्याचं नाव शोधते. ते सहज सापडतं, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच निकाल देऊन टाकला जातो. पण ‘एनफील्ड, १९१७’ हा फक्त जन्मदाखला. त्यानंतर ती रायफल कित्येक वर्षं वापरात राहिलेली असते. मधे कधी तिची नळी बदलते, कधी बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा), कधी अख्खा लाकडी साज. त्यामुळे शिक्के सुटेसुटे वाचून उपयोग नाही, ते एकमेकांशी ताडून पाहायचे.

भारतात सर्वाधिक पाहिलेली जात म्हणजे ली-एनफील्ड, बोलीत ‘थ्री-नॉट-थ्री’, म्हणजे ०.३०३ इंची नळीची. शिक्के पाहण्याआधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, बोल्ट मागे ओढा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, करंगळी घालून ते रिकामं असल्याची खात्री करा. नुसतं डोकावून चालत नाही, अंधारात काडतूस दिसत नाही.

मुख्य शिक्का असतो दस्ता जिथे पोलादी भागात बसतो त्या कड्यावर, उजवीकडे. बोल्टची मूठ वर उचलली की तो मोकळा दिसतो. शंभर वर्षांचं ग्रीस त्यात दडलेलं असतं. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापसाने ते फुगू द्या, मग मऊ ब्रशने काढा. पॉलिश पेपर अजिबात नको, उथळ ठसे त्यानेच जातात. अक्षर लागत नसेल तर त्यावर शिंप्याचा खडू घासा, वरचा पुसून टाका आणि टॉर्च अगदी आडवा धरा.

वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं. ‘ई.आर.’ म्हणजे सातवा एडवर्ड, ‘जी.आर.’ म्हणजे जॉर्ज. बंगालमधल्या ईशापूर कारखान्याच्या ब्रिटिशकालीन रायफलींवर ‘जी.आर.आय.’ असतं, त्यातला ‘आय’ सम्राटपदाचा. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. त्याखाली साल, आणि मग मॉडेल. ‘मार्क ३’ला जोडलेली चांदणी म्हणजे पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी केलेली काटछाट: मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी आणि लांब पल्ल्याची बाजूची नेमसाधनं काढून टाकली. पट्टीची खाच मात्र काही चांदणीवाल्या रायफलींवरही दिसते, त्यामुळे केवळ खाचेवरून मॉडेल ठरवू नका.

नकली माल इथेच उघडा पडतो. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या नकलांवर उलटा ‘एन’ आणि चुकलेलं स्पेलिंग सापडतं. राणी व्हिक्टोरियाचं ‘व्ही.आर.’ आणि त्याखाली १९१५ असं साल दिसलं तर शंकाच नको: राणी १९०१च्या जानेवारीत वारली. तिच्या काळातलं साल असेल तर घाई करू नका, जुन्या लांब रायफलींना आखूड नळी बसवली जाई आणि त्यांच्यावर ‘कॉन्ड’ (कन्व्हर्टेड, म्हणजे बदललेली) असा शिक्का पडे.

माझ्या मते कारखान्यापेक्षा क्रमांक महत्त्वाचे. तोच क्रमांक रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागावर), नळीवर, बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला, नळीच्या टोकाजवळच्या पोलादी टोपीवर आणि मागच्या नेमपट्टीखाली असायला हवा. जुना आकडा एका रेघेने खोडून शेजारी नवा ठोकलेला असेल तर ते बहुधा अधिकृत दुरुस्तीचं काम; ‘एफ.टी.आर.’ आणि साल असेल तर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालेली. बोल्टचा क्रमांक वेगळा निघाला तर मात्र थांबा. या काडतुसाला बुडाशी काठ असतो, आणि बोल्टचं तोंड ते चेंबरचा मागचा कडा हे अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंच (साधारण १.६३ ते १.८८ मिलिमीटर) यांच्यामध्ये बसावं लागतं. जास्त झालं तर बार उडताना पितळी कवच मागे ताणतं, बुडाजवळ फाटतं आणि गरम वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. हे माप आर्मररच्या (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या) गेजने घ्यायचं, अंदाजाने नाही.

‘डी.पी.’ हा शिक्का कवायतीच्या रायफलीचा. ती झाडायची नाही. एकमेकांकडे टोकं केलेले दोन बाण म्हणजे लष्कराने विकून टाकलेली. पुढच्या लाकडावर तांब्याच्या तारेचे वेढे असतील तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी मजबूत केलेली.

सर्वात फसवी ईशापूरची २ए१. १९६२च्या चीन युद्धानंतर ही ७.६२ मिलिमीटरसाठी नव्याने बनवली गेली. चेहरा थेट थ्री-नॉट-थ्रीचा, पण मॅगझिन चौकोनी आणि नेमपट्टी ८०० मीटरपर्यंतच. काडतुसंही वेगळी: तिच्या काडतुसाला बाहेर आलेला काठ नसतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं ‘के.एफ.’ काडतुसाच्या बुडावर पाहून रायफल ओळखता येत नाही, तिथे दोन्ही प्रकार बनले.

क्रमांक कानशीने घासून टाकलेला असेल तर स्वतः काही करू नका. ओळखचिन्ह खोडणं वा बदलणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत असे आकडे परत आणता येतात. ठसा मारताना घणाचा जोर खालच्या पोलादापर्यंत पोहोचतो आणि तिथले स्फटिक दबून विस्कटतात. वरचा भाग आरशासारखा घासून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण लावलं की दबलेलं पोलाद आणि आजूबाजूचं पोलाद वेगवेगळ्या वेगाने झिजतं. आकडा अंधुकसा वर येतो. तेवढ्यात फोटो घ्यायचा. घासणाऱ्याने दबलेला थरही काढून टाकला असेल, तर मात्र खाली वाचायला काहीच उरलेलं नसतं.