वावटळ जमिनीतून उठते

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात फीनिक्स आणि टूसॉन या दोन शहरांच्या मधोमध इलॉय नावाचं छोटं गाव आहे. हे कापसाचं गाव. शंभर वर्षांपूर्वी त्याला 'कॉटन सिटी' असंच म्हणत. भोवती मैलोन्‌मैल सपाट रान, त्यातलं काही कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर हिरवंगार, काही नुसतंच नांगरून ठेवलेलं, काही पडीक. क्षितिजावर पिकाचो पीकचा एकटा सुळका. तिथलाही पावसाळा जुलैत सुरू होतो, म्हणजे जून महिना त्यांचा वैशाख. त्या महिन्यात भर दुपारी या रानांवर एकाच वेळी दोन-तीन वावटळी फिरताना दिसल्या तर तिथल्या माणसाला नवल वाटत नाही.

वावटळीमागे गाड्या पळवून, तिच्या पोटात यंत्रं घालून जिथे तिचा अभ्यास झाला, अशा जगातल्या मोजक्या जागांमध्ये इलॉय आहे. मला या गावाचं अप्रूप वाटतं ते तिथली जमीन कसलेली आहे म्हणून. वावटळीचं नाव काढलं की सहारा, थर अशी वाळवंटं डोळ्यांपुढे येतात. पण माणदेशात, आष्टी-पाटोद्यात, जतमध्ये किंवा सोलापूरच्या माळावर उन्हाळा काढलेल्या कुणालाही विचारा. वावटळ उठते ती नांगरट झालेल्या रानातून, खळ्यावरून, गावकुसाबाहेरच्या उघड्या मैदानातून. आपण तिच्याकडे वारा म्हणून पाहतो आणि म्हणून आकाशाकडे बघत राहतो. पहिल्यांदा बघायला हवं ते पायाखाली.

मे महिन्यातल्या दुपारी सावलीतला पारा ४०-४२ अंशांवर असतो तेव्हा कोरड्या, उघड्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर जाऊ शकतो. पाऊल पोळतं ते त्यामुळेच. यातला बराचसा फरक जमिनीलगतच्या पहिल्या हातभर थरातच पडलेला असतो. याचं महत्त्व एका आकड्यावरून कळेल. कोरडी हवा वर चढू लागली की फुगते आणि दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. भोवतालची हवा उंचीनुसार याहून जलद थंड होत गेली, तर खालून उठलेली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार आणि हलकीच राहते, आणि वर जातच राहते. इथे तर एका मीटरमध्येच कितीतरी अंश उतरलेले असतात. असा थर जमिनीवर अलगद अंथरलेला असतो. त्यातूनच पलीकडचं झाड थरथरताना दिसतं, मृगजळ दिसतं. त्याला उठायला निमित्त हवं असतं, इतकंच.

ही हवा सगळीकडून सारखी उठत नाही. एखाद्या जागी ती तुटून वर जाते आणि रिकामी झालेली जागा भरायला चारी बाजूंनी हवा धावते. धावणाऱ्या हवेत थोडीशी गिरकी आधीच असते: बांधाला अडून वळलेला वारा, झाडाच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन झुळका, उभ्या ट्रॅक्टरमागचा भोवरा. ही सैल, मंद गिरकी मध्याकडे ओढली गेली की तिचा वेग वाढतो. फुगडी घालणाऱ्या दोघी एकमेकींच्या जवळ सरकल्या की फिरण्याचा वेग आपोआप वाढतो, तसाच. काही सेकंदांत पाच-दहा मीटर रुंदीचा खांब उभा राहतो.

ती कुठल्या दिशेने फिरते हा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. उत्तर गोलार्धातली चक्रीवादळं नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, कारण त्यांना दिवसचे दिवस पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम भोगायला मिळतो. वावटळीचं आयुष्य बहुतेक वेळा काही मिनिटांचं आणि रुंदी काही मीटरची. एवढ्यात पृथ्वीचं फिरणं तिच्यावर काहीच ठसा उमटवू शकत नाही. सुरुवातीची गिरकी जिकडची, तिकडे ती फिरते. १९६० च्या दशकात अ‍ॅरिझोना विद्यापीठातले संशोधक पीटर सिंक्लेअर यांनी टूसॉनच्या आसपासच्या खोऱ्यांत चिकाटीने नोंदी केल्या, तेव्हा डावीकडून फिरणाऱ्या आणि उजवीकडून फिरणाऱ्या वावटळी जवळजवळ सारख्याच निघाल्या.

सिंक्लेअर यांचं काम वाचताना त्यांच्या जिद्दीचं कौतुक वाटत राहतं. वावटळ एका जागी यंत्र लावून बसणाऱ्याकडे आपण होऊन येत नाही. म्हणून त्यांनी मोजमापाची यंत्रं बसवलेला मनोरा गाडीवर चढवला आणि ती गाडी थेट वावटळीतून नेली. मिळालेल्या आकड्यांनी चित्र पालटलं. खांबाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी गरम होती, गोल फिरणारा वारा आणि वर जाणारा वारा दोन्ही सेकंदाला दहा मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. बळकट वावटळीत वारा याच्या दुपटीवर जातो. मध्यभागी हवेचा दाब दोन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. हा उतार दिसायला किरकोळ आहे, पण सात-आठ मजले चढून गेल्यावर दाबात जेवढा फरक पडतो तेवढा इथे चार पावलांत पडतो. गोठ्यावरचे पत्रे उचलले जातात, कडब्याच्या पेंढ्या विस्कटतात, मांडवाचं कापड फाटतं, ते या वाऱ्याने आणि या ओढीने.

पुढे १९९८ मध्ये हवामानशास्त्रज्ञ निल्टन रेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वावटळीकडे उष्णतेवर चालणारं इंजिन म्हणून पाहिलं. जमीन ही तिची भट्टी. तापलेल्या जमिनीपासून वरच्या थंड हवेपर्यंत उष्णता वाहते आणि वाटेत तिचा काही भाग वाऱ्याच्या रूपाने कामाला लागतो. या मांडणीतून एक गोष्ट निघते, जी शेतकऱ्याच्या रोजच्या अनुभवाजवळची आहे. थंड जमीन जिथे संपते आणि तापलेली जमीन जिथे सुरू होते, त्या सीमेच्या वाऱ्याखालच्या बाजूला जोरदार वावटळी उठण्याची शक्यता जास्त. भिजवलेल्या उसाच्या किंवा घासाच्या तुकड्यावरून येणारा गारसर वारा शेजारच्या नांगरटीवर जातो, तिथल्या गरम हवेच्या खाली शिरतो आणि तिला उचलतो. इलॉयमध्ये हिरवी आणि उघडी रानं बुद्धिबळाच्या पटासारखी शेजारीशेजारी आहेत. आपल्याकडे तर एकाच गटात बागायत आणि कोरडवाहू यांच्यामध्ये नुसता बांध असतो. वावटळ बघायची असेल तर अशा बांधापलीकडची नांगरट निवडावी, वारा मंद असावा आणि वेळ अकरा ते तीनची. जोराचा वारा सुटला की तो तापलेला थर घुसळून टाकतो आणि मग वावटळ धरतच नाही. घारी एका जागी गोल फिरत पंख न हलवता वर चढताना दिसल्या, तर त्यांच्या खाली हवा उठते आहे असं समजावं.

आता धुळीकडे. वावटळीचं सगळ्यात विलक्षण सत्य हे, की तिच्यातली पुष्कळशी कधी कुणाला दिसतच नाही. हवेचा भोवरा पारदर्शक असतो. आपल्याला दिसते ती त्याने उचललेली माती. अमेरिकन वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर ग्रहशास्त्रज्ञ राल्फ लॉरेन्झ यांनी दाब आणि सूर्यप्रकाश नोंदवणारी छोटी, स्वस्त यंत्रं महिनोन्‌महिने ठेवली. अनेक भोवऱ्यांनी दाबाचा खळगा नोंदवला, पण सूर्यप्रकाश अडवण्याइतकी धूळ त्यांच्यात नव्हतीच.

धूळ उचलणं हे जमिनीच्या हातात असतं. वाऱ्याने सर्वांत सहज हलतात ते मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे कण. त्याहून जाड रेती जड पडते. त्याहून बारीक पोयटा एकमेकांना चिकटून राहतो, त्याला कुणीतरी ठोकरून मोकळं करावं लागतं, आणि ते काम उड्या मारत जाणारी रेती करते. वावटळीच्या तळाशी जो जाड, बुटका घेर दिसतो तो या रेतीचा. ती लवकरच खाली पडते. वर निघून जाते ती बारीक माती, आणि जमिनीचा कस सगळ्यात जास्त तिच्यातच असतो. म्हणून ढेकळांनी भरलेल्या ताज्या खोल नांगरटीतून वावटळीला फार काही मिळत नाही. कुळवून कुळवून भुगा केलेलं रान, गुरांनी आणि चाकांनी तुडवलेली गाडीवाट, मातीचं वरचं कवच मोडलेली पडीक जमीन यांतून ती भरभरून घेते. धसकटं, पाचट, वाळलेलं गवत जमिनीवर असेल तर ती उपाशी जाते.

हाच धडा मंगळावर आणखी लख्ख दिसतो. नासाचं 'इनसाइट' हे यान नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे उतरलं. त्याच्या दाबमापकाने हजारो भोवरे नोंदवले, पण त्याच्या कॅमेऱ्याला धुळीची एकही वावटळ सापडली नाही. सौरपट्ट्यांवर धूळ साचत गेली, वीज कमी पडत गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मोहीम संपली. त्याच ग्रहावर 'स्पिरिट' या गाडीचे पट्टे मात्र २००५ मध्ये वाऱ्याच्या झोतांनी साफ झाले होते आणि तिने डझनावारी वावटळींची छायाचित्रंही पाठवली. मंगळावरच्या जेझेरो विवरात फिरणाऱ्या नासाच्या 'पर्सिव्हरन्स' गाडीवरून २७ सप्टेंबर २०२१ रोजी एक वावटळ थेट गेली आणि तिचा आवाज मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित झाला. ती सुमारे २५ मीटर रुंद आणि निदान ११८ मीटर उंच होती. मंगळावरच्या इतर वावटळींच्या उंचीपुढे ही लहानच, कारण मार्च २०१२ मध्ये कक्षेतून टिपलेली एक वावटळ तब्बल २० किलोमीटर उंच होती. ग्रह एकच, हवा तीच विरळ, पण एका जागची जमीन धूळ सोडते आणि दुसऱ्या जागची सोडत नाही.

मंगळामुळेच इलॉयच्या शेतांत गाड्या आल्या. २०००-०१ मध्ये नासा आणि विद्यापीठांच्या संशोधकांनी नेवाडात आणि मग अ‍ॅरिझोनात मोहीम काढली. ट्रकच्या पुढे आडव्या दांड्यावर यंत्रं लावली आणि ट्रक वावटळींत घातले. त्यांना मुख्यतः विजेचा शोध घ्यायचा होता. ही कल्पना आपल्या उपखंडातलीच आहे. लाहोरला असलेले लष्करी शल्यवैद्य पी. एफ. एच. बॅडली यांनी १८४७ च्या उन्हाळ्यात घराच्या छपरावर बांबू उभारला, त्यावरून तांब्याची तार विद्युतमापकाला जोडली आणि धुळीची वादळं जाताना काय होतं ते पाहिलं. त्यांची खात्री झाली की वावटळीला फिरवते ती वीजच. हे कारण चुकीचं होतं, निरीक्षण मात्र पक्कं. वावटळीत कण एकमेकांवर आपटतात, घासतात. त्यात साधारणपणे बारीक कण ऋण आणि जाड कण धन भार घेतात. बारीक वर जातात, जाड खाली राहतात, आणि खांबाच्या दोन टोकांमध्ये विद्युतक्षेत्र तयार होतं. निरभ्र दिवशी जमिनीजवळ ते मीटरला शंभर व्होल्टच्या आसपास असतं. अ‍ॅरिझोनातल्या वावटळींत ते मीटरला ४,००० व्होल्टवर गेलं. मंगळावरच्या वावटळींतले विजेचे बारीक चटके पर्सिव्हरन्सच्या मायक्रोफोनने ऐकल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं.

पाठलागाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वावटळीच्या मागे धावून ती सापडत नाही. ती वाऱ्याबरोबर सरकते, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून तिच्या वाटेत पुढे जाऊन थांबावं लागतं. इलॉयकडच्या शेतरस्त्यांची आखणी एकेक मैलाच्या चौकोनांत आहे, त्यामुळे गाडीवाल्याला हे जमतं. आत शिरण्याचा मोह मात्र यंत्रांवर सोडावा. काटक्या, खडे, पत्र्याचे तुकडे डोळ्याला लागतात. अ‍ॅरिझोनाच्या मातीत तर कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. धुळीबरोबर तिचे बीजाणू छातीत गेले की 'व्हॅली फीवर' होतो, आणि शेतमजुरांना त्याची झळ बसते. इलॉय हे हवाई छत्रीने उड्या मारणाऱ्यांचंही मोठं केंद्र आहे. तिथे उतरताना खाली वावटळ आहे का याच्यावर नजर ठेवावीच लागते, कारण जमिनीच्या जवळ छत्री मिटली तर सावरायला उंची उरत नाही. धुळीने भरलेली वावटळ निदान दिसते. धूळ न उचललेली वावटळ जास्त घातक.

त्या भागातल्या शेतकऱ्यांपुढे आज वेगळाच प्रश्न आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी आटलं आणि २०२२ पासून पिनल काउंटीच्या, म्हणजे इलॉय ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, शेतीला कालव्यातून मिळणारं पाणी मोठ्या प्रमाणात कापलं गेलं. रानं पडीक पडली. पूर्वी पिकाखाली झाकलेली माती उघडी पडली. पाण्याचा निर्णय शेकडो मैलांवर होतो आणि त्याची धूळ इथे उठते. पाऊस लांबला की आपल्याकडच्या शिवारांचंही तेच होतं, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना स्वतः काही मोजून पाहायचं आहे त्यांनी खिशातला फोन तपासावा. अनेक फोनमध्ये वायुभारमापक असतो आणि त्याची नोंद ठेवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. हवामान केंद्राच्या दहा-पंधरा मिनिटांनी होणाऱ्या नोंदींतून वावटळ निसटते, म्हणून अ‍ॅप सेकंदाला एक नोंद घेईल असं लावावं. फोन उन्हात तापून बंद पडतो, तेव्हा भोकं पाडलेल्या पांढऱ्या डब्यात, सावलीत, बांधावर ठेवावा. दोन-तीन फोन वीस-पंचवीस पावलांच्या अंतराने ठेवले तर आणखी चांगलं. एप्रिल-मेच्या दुपारी आलेखात दाब काही सेकंदांसाठी खाली जाऊन परत वर आला, तर वावटळ तिथून गेली. शेजारी वहीत रानाची अवस्था लिहावी: नांगरट आहे की पडीक, ढेकूळ आहे की भुगा, पाचट ठेवलंय की जाळलंय, पलीकडचं रान भिजवलेलं आहे का. आणि फोन सांगतो त्या वेळी धूळ दिसली होती की नव्हती, हेही.