डिमेन्शियात गाणी लावणं आणि म्युझिक थेरपी, दोन्ही एकच नाही

परवा एका मैत्रिणीचा फोन आला, तिच्या आईंना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, म्हणाली अगं आईंना आम्ही रोज दोन तास म्युझिक थेरपी देतोय पण त्यांची चिडचिड उलट वाढलीये, काय चुकतंय कळतच नाही. मी विचारलं नक्की काय करता, तर हॉलमध्ये ब्लूटूथ स्पीकरवर भजनं लावून ठेवतात. यात तिची काही चूक नाही, आपल्याकडे सगळेच याला म्युझिक थेरपी म्हणतात. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फरक माहीत असला तर पैसा वाचतो, वेळ वाचतो, मुख्य म्हणजे त्या माणसाचा त्रास वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी गाणी ऐकवण्याबद्दल. अमेरिकेत डॅन कोहेन नावाच्या माणसाने 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांना आयपॉडवर त्यांची त्यांची आवडती गाणी भरून द्यायला सुरुवात केली, त्यातून पुढे म्युझिक अँड मेमरी ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये सॅली मॅग्नसन या पत्रकार बाईंनी आईच्या डिमेन्शियाच्या अनुभवातून 2013 मध्ये प्लेलिस्ट फॉर लाइफ ही संस्था सुरू केली. दोन्हीकडे मुद्दा एकच, गाणी "जुनी" असून भागत नाही, ती त्या माणसाची स्वतःची पाहिजेत. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात घट्ट बसलेल्या असतात, म्हणून शोध तिथून सुरू करायचा. आणि वर्षानुवर्षं ओळखीचं असलेलं गाणं मेंदूच्या ज्या भागांत असतं त्यांना अल्झायमरमध्ये (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) तुलनेने उशिरा धक्का पोचतो असं जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, त्यामुळे मुलाचं नाव आठवत नाही पण गाण्याचा अख्खा अंतरा पाठ, हे घरोघरी दिसतं त्यात नवल नाही.

आमच्या बाबांच्या बाबतीत आम्हीही हीच चूक केली होती. म्हातारं माणूस म्हणजे भजन आणि अभंग, असं धरून चाललो. बाबा आयुष्यात कधी देवळात फारसे गेले नाहीत, भजन लागलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे आणि आम्ही म्हणायचो आजारामुळे अस्वस्थ आहेत. मग काकाने सांगितलं की हा चौदा-पंधरा वर्षांचा असताना दर बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकायला कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाऊन उभा राहायचा, एक चहा घेऊन पूर्ण तासभर. त्या काळातली वीसेक हिंदी गाणी जमवली. पहिल्याच दिवशी बाबांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, मी तशीच उभी राहून बघत बसले.

यात सांभाळायच्या गोष्टी तशा साध्या आहेत. दिवसभर लावून ठेवायचं नाही, वीस-तीस मिनिटं पुरतात, आणि जी वेळ अवघड जाते तिच्या आधी लावायचं, म्हणजे अंघोळीच्या आधी किंवा तिन्हीसांजेला "मला घरी जायचंय" सुरू व्हायच्या आधी. फोनवरून थेट लावलं तर मधेच जाहिरात किंचाळते आणि माणूस दचकतो, गाणी आधी उतरवून घ्या. आणि चेहऱ्याकडे बघत राहा, एखादं गाणं गेलेल्या भावाची आठवण आणतं आणि माणूस रडायला लागतो पण का रडतोय ते त्याला सांगता येत नाही, अशा वेळी त्याला हेडफोन लावून एकटं सोडून जाऊ नका.

आता म्युझिक थेरपी. हा रीतसर पेशा आहे. अमेरिकेत त्याची पदवी 1940 च्या दशकापासून आहे, आजही तिथे थेरपिस्ट व्हायला किमान 1200 तास प्रत्यक्ष पेशंटबरोबर कामाचं ट्रेनिंग लागतं, आणि ब्रिटनमध्ये सरकारी नोंदणी असल्याशिवाय स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. थेरपिस्ट आधी माणसाला नीट तपासून बघतो, काय साधायचंय ते ठरवतो (चिडचिड कमी करणं असेल, बोलणं टिकवणं असेल), आणि समोर बसून स्वतः गातो वाजवतो. माझ्या मते खरा फरक इथे आहे: रेकॉर्डिंग ठरल्या वेगाने पुढे जात राहतं, माणसाला त्याच्या मागे जावं लागतं, थेरपीत संगीत माणसाच्या मागे जातं. अस्वस्थ माणसासमोर एकदम शांत संगीत लावत नाहीत, आधी त्याच्याच वेगाने वाजवायचं आणि मग हळूहळू खाली आणायचं, ही पद्धत आयरा आल्टशुलर या डॉक्टरांनी 1940 च्या दशकातच मांडलेली.

माझी मामेबहीण बर्मिंगहॅमजवळ राहते. तिच्या सासूबाई केअर होममध्ये होत्या, इंग्रजी पार विसरलेल्या, बोलणं जवळपास थांबलेलं, उजवा हात मात्र मांडीवर सतत गोल गोल फिरायचा आणि स्टाफ तो हात धरून थांबवायचा. थेरपिस्ट बाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी हात थांबवला नाही, त्या हाताच्या वेगाने नुसतं गुणगुणायला लागल्या, तीन-चार सेशन असंच. पाचव्या वेळी सासूबाईंच्या तोंडून ओवी आली. तेव्हा बहिणीच्या लक्षात आलं की हात जातं फिरवत होता. कुठल्याच प्लेलिस्टमध्ये हे सापडलं नसतं कारण त्या दळताना ओव्या म्हणायच्या हे सुनेला काय, मुलालाही माहीत नव्हतं.

हे वाचून थेरपीच श्रेष्ठ असं वाटेल, पण अभ्यास तसं सरळ सांगत नाहीत. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले, त्यात निदान पाच सेशन झाल्यावर उदासी आणि एकूण वागण्यातले त्रास थोडे कमी होतात असं दिसलं, आक्रमकपणा मात्र कमी होत नाही. ऑस्ट्रेलियात केअर होममधल्या 318 जणांवरची ट्रायल 2022 मध्ये आली, त्यात ग्रुप म्युझिक थेरपी आणि नुसतं एकत्र जमून गाणं या दोन्ही गोष्टी तपासल्या, तर सहा महिन्यांनी उदासी कमी झालेली दिसली ती गाणाऱ्या मंडळींमध्ये, थेरपीच्या ग्रुपमध्ये तसा फरक दिसला नाही. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या 54 नर्सिंग होमच्या अभ्यासात आवडत्या गाण्यांच्या प्लेलिस्टनेही अस्वस्थता म्हणावी तशी घटली नाही. म्हणजे गाणं ऐकून माणूस एकदम खुलतो अशा नेटवरच्या व्हिडिओंत दिसतो तसा चमत्कार रोज होईल ही अपेक्षा ठेवायची नाही, आणि आजार तर दोन्हीने बरा होत नाही, अमुक राग ऐकवला की स्मृती परत येते असं सांगून पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

मग करायचं काय, तर माझं मत असं की प्लेलिस्ट प्रत्येक घराने करावी, तिला खर्च नाही, फक्त जुन्या माणसांना फोन करून विचारायची चिकाटी लागते. जमलं तर आठवड्यातून एकदा चार माणसं जमवून सोबत गा, आरती असो की सिनेमाची गाणी. थेरपिस्ट शोधायचा तो शब्द संपलेत आणि काय आवडतं हे सांगणारं कोणी उरलेलं नाही तेव्हा, किंवा गाण्यानेच त्रास वाढतोय तेव्हा. अशा वेळी त्याला ट्रेनिंग कुठे झालं, डिमेन्शियाच्या लोकांबरोबर किती काम केलंय, आणि प्रगती कशी नोंदवता हे तीन प्रश्न विचारा, रेकॉर्डिंग लावून देतो असं उत्तर आलं तर ते तुम्ही घरीही करू शकता.

मैत्रिणीने स्पीकर बंद केलाय. आईंची धाकटी बहीण सांगलीला असते, तिला ती रविवारी फोन करणारे, लग्नाआधी दोघी काय गायच्या ते विचारायला.